घोट्याचे ३४ टक्के आणि विमा कंपनीचे सहा लाख : अपघात भरपाईचा हिशेब नेमका कसा होतो?

ऐरोलीचा_थोरला

गेल्या वर्षी जुलैमध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळ्याच्या पुढे माझ्या धाकट्या भावाच्या स्कूटरला मागून आलेल्या टेम्पोने धडक दिली. त्याचे वय तेव्हा ३४ होते. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली, घोट्याचा चुरा झाला आणि आता प्लेट व आठ स्क्रू बसवल्यावरही घोटा जेमतेम वाकतो. भाऊ एसी दुरुस्तीची स्वतंत्र कामे करतो, म्हणजे करत असे. आठ महिने तो पूर्णपणे घरी होता. पोलिसांनी टेम्पोचालकावर गुन्हा नोंदवून दोषारोपपत्रही दाखल केले आहे, टेम्पोचा विमा चालू होता, आणि ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आमचा अर्ज सहा महिन्यांच्या आत दाखल झालेला आहे.

रुग्णालयाचे एकूण बिल ३,९०,००० रुपये झाले. त्यातले २,१०,००० रुपये भावाच्या आरोग्य विम्यातून मिळाले आणि १,८०,००० रुपये आम्ही भरले. शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ‘उजवा पाय, कायमचे अपंगत्व ३४ टक्के’ असे लिहिले आहे. आता पंधरा दिवसांवर लोकअदालत आली असून विमा कंपनीने सहा लाख रुपयांत तडजोड करण्याची तयारी दाखवली आहे. आमचे वकील म्हणतात की ते आठपर्यंत ताणता येईल.

सहा कमी की आठ पुरेसे, हा माझा प्रश्न नाही. हे सहा आले कुठून, हे मला कोणीही सांगितलेले नाही. न्यायालयाबाहेर चहाच्या टपरीवर एका गृहस्थांनी ‘एका टक्क्याला अमुक हजार’ असा भाव सांगितला, जणू काही तूरडाळीचा दर. असा काही दर खरोखरच असतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

जुना_दावेवाला

असा कोणताही दर कायद्यात नाही. मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात बरीच वर्षे काढून निवृत्त झालो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने हा आकडा कसा तयार होतो ते मला ठाऊक आहे. आपल्या सहा लाखांचा हिशेब मी उलट्या बाजूने करून पाहिला आणि तो जवळजवळ तंतोतंत जुळतो.

भावाच्या उत्पन्नाचा पक्का पुरावा नाही असे धरून कंपनीने महिना १२,००० रुपये उत्पन्न गृहीत धरले असणार, म्हणजे वर्षाचे १,४४,०००. वय ३४ असल्यामुळे गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ज्याने गुणायचे तो आकडा, १६, म्हणून २३,०४,०००. प्रमाणपत्रातले ३४ टक्के हे एका पायाचे आहेत, संपूर्ण शरीराचे नव्हेत, असे म्हणून त्याचे निम्मे म्हणजे १७ टक्के धरले की ३,९१,६८० रुपये येतात. त्यात आपल्या खिशातून गेलेले १,८०,००० मिळवले की ५,७१,६८० होतात. उरलेले २८ हजार वेदना आणि यातना यांच्यापोटी घातले की आकडा गोल होतो.

आता यात काय नाही ते पाहावे. आठ महिने बुडालेल्या कमाईचा एक रुपयाही नाही. भविष्यातल्या उत्पन्नवाढीचा विचार नाही. प्लेट काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च नाही. आणि आरोग्य विम्यातून आलेली रक्कम परस्पर वजा केलेली आहे. हे सगळे कपटाने केलेले असते असे मी म्हणणार नाही. कागदावर जे सिद्ध होत नाही ते शून्य धरायचे, अशी तिथली शिस्तच असते. मात्र त्या शून्यांची बेरीज दावेदाराच्या खिशातून जाते.

पारसिकची_टेकडी

गुणक १६ हा आकडा कुठून येतो? आणि माझ्या आठवणीप्रमाणे उत्पन्नातून आधी एक तृतीयांश रक्कम स्वतःच्या खर्चापोटी वजा होते, मग पुढचा हिशेब होतो. माझ्या सासऱ्यांच्या प्रकरणात तसेच झाले होते.

कलम_एकशेसहासष्ट

मी ठाण्यात याच प्रकारची प्रकरणे चालवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पारसिकची_टेकडी यांच्या सासऱ्यांचे प्रकरण मृत्यूच्या दाव्याचे असावे. माणूस दगावला की त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचे नुकसान मोजायचे असते, म्हणून तो स्वतःवर जे खर्च करत असे ते वजा होते. दोन-तीन आश्रित असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश आणि मृत व्यक्ती अविवाहित असेल तर सर्वसाधारणपणे निम्मे. जखमी माणूस मात्र जिवंत आहे, त्याचा स्वतःचा खर्च चालूच आहे, किंबहुना वाढला आहे. त्यामुळे दुखापतीच्या दाव्यात ही वजावट करायची नसते. ही गफलत मी भल्याभल्यांच्या युक्तिवादात पाहिली आहे.

गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात एकसारखा करून दिला. अपघाताच्या दिवशीचे वय ३१ ते ३५ असेल तर १६, ३६ ते ४० असेल तर १५, ४१ ते ४५ साठी १४, ४६ ते ५० साठी १३, आणि पुढे तो भराभर उतरत पासष्टीनंतर ५ वर येतो. भविष्यातल्या उत्पन्नवाढीची टक्केवारी २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवून दिली. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे. कायम नोकरी असेल तर ५० टक्के. ते प्रकरण मृत्यूच्या दाव्याचे होते, म्हणून विमा कंपन्या बरीच वर्षे म्हणत राहिल्या की दुखापतीत ही वाढ लागू नाही. पण २०१८ मध्ये जगदीश विरुद्ध मोहन या प्रकरणात दोन्ही हात निकामी झालेल्या सुताराला आणि २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात हात गमावलेल्या डेटा एन्ट्री ऑपरेटरला ती मिळाली, त्यामुळे तो वाद आता उरलेला नाही.

खरा वाद टक्क्यांचा आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक उदाहरण दिले आहे, ते प्रत्येक दावेदाराने समजून घ्यावे. डावा हात गेला तर वैद्यकीय हिशेबाने अपंगत्व साधारण ६० टक्के भरेल. तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. तो सरकारी कार्यालयात कारकून असेल तर कदाचित नोकरीला धक्काही लागणार नाही. म्हणजे अवयव तोच, तुटणे तेच, पण नुकसान वेगळे. न्यायाधिकरणाने पाहायचे ते त्या माणसाची कमावण्याची क्षमता किती घटली हे, ज्याला कार्यात्मक अपंगत्व म्हणतात. पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याच्या प्रकरणात, सय्यद सादिक, २०१४, सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाण ८५ टक्के धरले, आणि उत्पन्नाचा कागदी पुरावा नसतानाही महिना ६,५०० रुपये मान्य केले.

म्हणून आपल्या भावाच्या प्रमाणपत्रावरचे ३४ हा हिशेबाचा आरंभ आहे. ते १७ होऊ शकतात आणि ५० सुद्धा होऊ शकतात. कोणते होतील हे घोट्यावर कमी आणि साक्षीवर जास्त अवलंबून आहे.

ऐरोलीचा_थोरला

आपण दोघांनी लिहिलेले भावाला वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग आतून त्याने त्याची वही आणली. लाल पुठ्ठ्याची, दरवर्षी वाण्याकडून मिळते तशी. त्यात प्रत्येक कामाची नोंद आहे: इमारतीचे नाव, मजला, ‘गॅस भरला’, ‘आउटडोअर खाली उतरवून धुतला’, आणि रक्कम. एप्रिल-मेमध्ये महिन्याला ४५,००० पर्यंत नोंदी आहेत, तर जुलै-ऑगस्टमध्ये ९ ते १० हजारांच्या वर काही नाही. बहुतेक रकमा मोबाइलवरून थेट बँक खात्यात आलेल्या आहेत. मी अपघाताआधीच्या बारा महिन्यांची बेरीज केली तर सरासरी महिना २२,००० च्या आसपास येते. आयकर विवरणपत्र त्याने कधीच भरलेले नाही.

मे महिन्याचा आकडा दाखवला तर चालेल का?

जुना_दावेवाला

मे महिन्याचा आकडा एकटा दाखवू नये. उलटतपासणीत कंपनीचा वकील जुलैचे पान उघडेल आणि मग २२,००० सुद्धा संशयास्पद वाटू लागतील. हंगामी धंद्यात पूर्ण वर्षाची सरासरीच टिकते. बारा महिन्यांचा खातेउतारा बँकेच्या शिक्क्यानिशी घ्यावा, वहीतल्या नोंदी आणि खात्यात जमा झालेल्या रकमा तारखेनिशी शेजारी शेजारी मांडाव्यात, आणि ज्या सोसायट्यांची वर्षभराच्या देखभालीची कामे त्याच्याकडे होती त्यांपैकी एखाद्या सचिवांना व्हाउचरसह साक्षीला येण्याची विनंती करावी. वहीवर खाडाखोड असेल तर ती तशीच राहू द्यावी. स्वच्छ अक्षरात नव्याने उतरवलेली वही कोणाचाही विश्वास मिळवत नाही. अशा तीन वह्या मी स्वतः नामंजूर करायला लावल्या आहेत.

२२,००० सिद्ध झाले तर आकडे असे होतात. ४० टक्के वाढीसह ३०,८०० महिना, वर्षाचे ३,६९,६०० आणि १६ ने गुणून ५९,१३,६००. याचे १७ टक्के म्हणजे १०,०५,३१२. ३४ टक्के म्हणजे २०,१०,६२४. आणि ५० टक्के धरले तर २९,५६,८००. हा फक्त भावी कमाईचा भाग झाला. उपचारांचा खर्च, आठ महिन्यांचे १,७६,०००, पुढची शस्त्रक्रिया, येण्याजाण्याचा व पौष्टिक आहाराचा खर्च, शुश्रूषा, वेदना आणि जगण्यातल्या आनंदाला मुकणे हे सगळे त्याच्या वर येते, आणि त्यावर अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून व्याज. व्याजाचा दर न्यायाधिकरण ठरवते. पुढे होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या रकमेवर मात्र ते सहसा लागत नाही.

वाशीची_वहिनी

शुश्रूषेबद्दल थोडे विचारते. भावजयीने नोकरी सोडून भावाचे सगळे केले असेल, तर त्याचे काही मोजतात का, की बाहेरची परिचारिका ठेवली आणि पावती घेतली तरच?

कलम_एकशेसहासष्ट

मोजतात. घरच्या माणसाने केले म्हणून ती सेवा फुकट ठरत नाही, फक्त अर्जात तसे स्पष्ट लिहिलेले असावे आणि त्या काळात वहिनींची जी मिळकत बुडाली तिचा काही दाखला असावा.

ऐरोलीचा_थोरला

माझी भावजय पोळीभाजी केंद्रात कामाला होती आणि तिने तीन महिने काम सोडले होते. हे आमच्या अर्जात कुठेही नाही. उद्याच वकिलांना सांगतो.

कोपरीकर

आरोग्य विम्याचे २,१०,००० वजा होणारच, असे मला वाटते. एकाच बिलाचे पैसे दोनदा कसे मिळतील? माझ्या माहितीतल्या दोन प्रकरणांत ते वजा झाले.

कलम_एकशेसहासष्ट

पूर्वी याबाबत परस्परविरोधी निकाल होते, म्हणून आपल्या माहितीतली प्रकरणे खरी असतील. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा प्रश्न निकाली काढला. आरोग्य विमा हा त्या माणसाने स्वतः हप्ता भरून केलेला करार आहे आणि त्याचा लाभ अपघात करणाऱ्याला किंवा त्याच्या विमा कंपनीला मिळू नये, म्हणून वैद्यकीय खर्चातून मेडिक्लेमची रक्कम वजा करायची नाही, असे पूर्णपीठाने ठरवले. ठाण्याच्या न्यायाधिकरणावर तो निकाल बंधनकारक आहे. तेव्हा ३,९०,००० ची संपूर्ण बिले दाखल करावीत. मूळ बिले आरोग्य विमा कंपनीकडे गेली असतील तर रुग्णालयाकडून प्रमाणित प्रती मागून घ्याव्यात, आणि त्या आताच मागाव्यात, कारण वर्षभराने रुग्णालयाच्या नोंदी विभागात जाऊन त्या शोधायला लावणे हे एक वेगळेच दिव्य असते.

दिव्याहून

माझे यजमान लोकलमधून पडून जखमी झाले आहेत. हाच गुणकाचा हिशेब त्यांनाही लागू होतो का?

कलम_एकशेसहासष्ट

नाही. रेल्वेचा कायदा वेगळा आहे. तो दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करावा लागतो, आणि चालत्या गाडीतून चुकून पडणे हे कलम १२४-अ खाली येते, जिथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. रकमा नियमांतच ठरलेल्या आहेत: मृत्यूसाठी आठ लाख, दुखापतींसाठी परिशिष्टाप्रमाणे. मुदत एका वर्षाची आहे. अधिकृत प्रवासी असल्याचा पुरावा लागतो, म्हणून पास किंवा तिकीट जपून ठेवावे. यावर स्वतंत्र धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

रबाळे_एमआयडीसी

कामावर असताना अपघात झालेल्यांसाठी एवढेच जोडतो की कर्मचारी नुकसानभरपाई कायदा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे) आणि मोटार वाहन कायदा या दोन्हींखाली हक्क असला तरी दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही, एक वाट निवडावी लागते. पहिल्या कायद्यात चालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे हे खरे, पण पगार कितीही जास्त असला तरी हिशेबात महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरत आणि वेदना-यातनांपोटी काही मिळत नसे. आमच्या कारखान्यातल्या एका फिटरने घाईने पहिली वाट धरली आणि नंतर त्याला फार पश्चात्ताप झाला.

जुना_दावेवाला

मूळ विषयाकडे येतो, कारण ५० टक्क्यांचा आकडा वाचून धागाकर्त्यांच्या अपेक्षा वाढल्या असतील, आणि मी कंपनीच्या वकिलाच्या जागी असतो तर काय विचारले असते ते सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. मी विचारले असते: आपण बसून पीसीबी, म्हणजे एसीमधले इलेक्ट्रॉनिक कार्ड, दुरुस्त करू शकता का? दुकानात बसून सुटे भाग विकू शकता का? हाताखाली मुलगा ठेवून काम करून घेऊ शकता का? तिन्हींची उत्तरे ‘हो’ अशी आली की ५० चे २५ व्हायला वेळ लागत नाही.

कलम_एकशेसहासष्ट

प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरेही आहेत. राजकुमार निकालात पायऱ्या सांगितल्या आहेत: अपघातानंतर माणूस कोणती कामे करू शकतो आणि कोणती नाही, अपघातापूर्वी त्याचा धंदा नेमका कोणता होता, आणि मग तो धंदा पूर्ण बंद झाला, तसाच चालू राहिला की कमी प्रमाणावर चालू राहू शकतो. धंदा ‘एसी दुरुस्ती’ एवढाच अर्जात लिहिला तर न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेला माणूस येतो. म्हणून धाग्याच्या लेखकांना विचारतो, त्यांचा भाऊ दिवसभरात प्रत्यक्ष काय काय करत असे?

ऐरोलीचा_थोरला

मी काल त्याला हाच प्रश्न विचारला. वहीतल्या अपघातापूर्वीच्या शेवटच्या महिन्यात ३८ कामे आहेत. त्यातली २९ आउटडोअर युनिटची आहेत, म्हणजे खिडकीबाहेरच्या सज्जावर उतरून किंवा शिडीवर उभे राहून, एका पायावर भार देऊन, दुसऱ्या पायाने भिंतीला रेटा देत ब्रॅकेटचे नट सोडवायचे, आणि तीस-चाळीस किलोचे युनिट दोघांनी मिळून आत ओढून घ्यायचे. पीसीबीची कामे त्या महिन्यात दोन होती, आणि दोन्ही वेळा त्याने कार्ड काढून बेलापूरच्या एका कारागिराकडे दिले होते, कारण ते काम त्याला येतच नाही.

मार्चपासून त्याने पुन्हा कामे घ्यायचा प्रयत्न केला. घरातल्या युनिटच्या जाळ्या धुणे जमते. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गेला की घोटा वाकत नसल्यामुळे पाऊल पायरीवर सपाट बसत नाही आणि तो टाचेवर तोल सांभाळत राहतो. घणसोलीच्या एका सोसायटीत हे पाहून तिथल्या सचिवांनीच त्याला खाली उतरवले आणि पुन्हा बोलावले नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हते.

कलम_एकशेसहासष्ट

हे जसे इथे लिहिले आहे तसेच प्रतिज्ञापत्रात यायला हवे, ३८ पैकी २९ या आकड्यासकट. आणि ते सचिव साक्षीला आले तर फार उत्तम, कारण ‘मी काम देणे थांबवले आणि अमुक कारणाने थांबवले’ हे सांगणारा तटस्थ माणूस मिळणे दुर्मीळ असते.

दुसरी गोष्ट डॉक्टरांची. नुसते प्रमाणपत्र दाखल करून भागत नाही. ते देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते आणि घोटा किती अंशांत वाकतो, शिडी चढणे वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे का, प्लेट कधी काढावी लागेल व त्याला किती खर्च येईल, हे त्यांच्या तोंडून नोंदीवर यावे लागते. डॉक्टर न्यायालयात यायला कंटाळतात हे खरे आहे. त्यांची साक्ष त्यांच्या सोयीच्या वेळी किंवा न्यायालयाने नेमलेल्या कमिशनरमार्फत नोंदवून घेण्याची विनंती करता येते.

खारेगावचा_प्रवासी

लोकअदालतीबद्दल माझा अनुभव लिहितो. तीन वर्षांपूर्वी मांडीच्या हाडाच्या दुखापतीत मी साडेचार लाखांत तडजोड केली, कारण घराचे हप्ते थकले होते आणि तारखांना जाण्याची ताकद उरली नव्हती. सात महिन्यांनी रॉडच्या जागी जंतुसंसर्ग झाला, दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि दोन लाख ८० हजार रुपये गेले. पुन्हा दाद मागता येते का म्हणून विचारले, तर लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते हे तेव्हा कळले. सही करताना त्या कागदावर ‘सर्व दाव्यांची पूर्ण व अंतिम परतफेड’ असे लिहिलेले मी वाचले होते. वाचले होते, पण कळले नव्हते.

तडजोड वाईट असते असे मी म्हणत नाही. मला पैसे महिन्या-दीड महिन्यात मिळाले, आणि माझ्याच मजल्यावरच्या एका गृहस्थांचे प्रकरण अजून पुराव्याच्या टप्प्यावर आहे. पण ज्याची शस्त्रक्रिया बाकी आहे त्याने तिचा लेखी अंदाजपत्रकासह आकडा तडजोडीत धरल्याशिवाय सही करू नये.

जुना_दावेवाला

सहमत आहे. आणि एक भर: कंपनीचे अधिकारी लोकअदालतीला येताना एक वरची मर्यादा मंजूर करून आणतात. पहिला देकार त्या मर्यादेच्या बराच खाली असतो. ती मर्यादा फाइलमधल्या कागदांवर ठरते, त्या दिवशीच्या घासाघिशीने नाही. खातेउतारा, संपूर्ण बिले आणि पूर्णपीठाचा निकाल लोकअदालतीच्या आठवडाभर आधी कंपनीच्या वकिलाच्या हातात पडला, तर मर्यादाच नव्याने मागवावी लागते.

ऐरोलीचा_थोरला

कळवायला उशीर झाला. लोकअदालतीच्या आधी आम्ही खातेउतारा, बिलांच्या प्रती, प्लेट काढण्याचे ६५,००० रुपयांचे अंदाजपत्रक आणि वहीच्या बारा महिन्यांच्या छायाप्रती देऊन ठेवल्या होत्या. त्या दिवशी ठाण्याच्या न्यायालयात इतकी गर्दी होती की भावाला जिन्यापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मी एकटाच टेबलापाशी उभा राहिलो. देकार सहावरून साडेअकरा लाखांवर गेला. अधिकाऱ्यांनी उत्पन्न १८,००० मान्य केले, पण टक्के १७ वरून हलवायला ते तयार नव्हते. आमच्या वकिलांनी या वेळी स्वतःहून सांगितले की इथे थांबू नये.

भावाला विचारले. त्याने विचारले की टक्के कोण ठरवणार. मी म्हटले, डॉक्टरांची आणि सोसायटीच्या सचिवांची साक्ष ऐकून न्यायाधीश ठरवतील. तो म्हणाला, मग ऐकू देत.

अर्जात दुरुस्तीची परवानगी मिळाली असून भावजयीचे तीन महिने आता त्यात आले आहेत. डॉक्टरांच्या साक्षीसाठी पुढच्या महिन्याची १९ तारीख मिळाली आहे, आणि घणसोलीच्या सचिवांनी व्हाउचरची फाइल काढून ठेवली आहे. तारखेनंतर इथेच लिहीन.